आठ दशांश

घड्याळ माझ्याकडे असतं.
बावीस हिवाळे मी लिंडेन कॉलेजच्या जिममध्ये
टेबलाच्या डाव्या टोकाला बसते, उजवा अंगठा बटणावर.
पंच शिट्टी फुंकतो, मी काळ अडवते.
चेंडूला आतल्या कुणाचा हात लागतो, मी काळ सोडते.
त्याआधी तीस वर्षं सहावीला गणित शिकवलं.
या गावात दशांश चिन्ह कुठे द्यायचं
ते निम्म्या लोकांना माझ्यामुळे कळतं.

त्या शनिवारी बाहेर बर्फाचा नांगर फिरत होता,
आत पॉपकॉर्न आणि फरशीच्या मेणाचा वास.
आम्ही एका गुणाने मागे. फलकावर लाल: ०.८
रेषेबाहेरून चेंडू आला, उंच,
जरेल विटफील्डने तो हवेतच घेतला

आणि मी जरेलकडे बघत होते.

भागाकारात बाकी उरली की हिरमुसणारा जरेल.
"मिसेस हाबेगर, हे उरलेलं कुठे जातं?"
मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती.

अंगठा दाबला. पण मागाहून.
किती मागाहून? पापणी लवायच्या आत
जेवढं मावतं, तेवढं.

तो गिरकी घेऊन वळला, चेंडू सुटला, फळीमागचा लाल दिवा लागला,
चेंडू हवेतच होता,
मग जाळी हलली.

पाहुण्यांची पोरं आधीच एकमेकांच्या अंगावर चढली होती,
ती हळूहळू खाली उतरली.
तिघे पंच मॉनिटरवर वाकले,
विहिरीत घागर पडल्यावर वाकतात तसे.
मोठ्या पडद्यावर बोटं, चेंडू, दिवा.
मागे. पुढे. बोटं, चेंडू, दिवा.
अर्ध्या जिमला चेंडू सुटलेला दिसला, अर्ध्या जिमला चिकटलेला.
ट्यूबावाला पोरगा ओठ तोंडीला लावून तसाच बसून राहिला,
वाजवू की नको.
आठ दशांश सेकंदांना साडेचार मिनिटं लागली.

पाहुण्यांचा कोच क्विगली सगळ्यांना शिव्या घालत होता.
मधेच माझ्याकडे वळून म्हणाला, "माफ करा, मॅडम,"
आणि पुन्हा सुरू झाला.
माफी मागणारा त्या रात्री तो एकटाच.

दिव्याआधी चेंडू सुटला होता. ते खरंच होतं.
कॅमेरा खोटं बोलत नाही,
त्याला जेवढं विचाराल तेवढंच सांगतो.
माझ्या अंगठ्यावर एकही कॅमेरा नव्हता.
आणि टेबलाशी वाकून कुणीही विचारलं नाही:
बाई, तुम्ही काळ वेळेवर सोडलात का?

विचारलं असतं तर?
बर्‍याच रात्री हे गणित सोडवून पाहिलंय.
उत्तर दर वेळी वेगळं येतं,
म्हणजे मांडणीतच चूक आहे.

स्ट्राउड पंचाला गाठलं ते पार्किंगमध्ये.
तो गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता.
म्हटलं, "घड्याळ उशिरा सुटलं."
त्याचं खरवडणं थांबलं नाही.
एक आरपार चौकोन झाला, मग शेजारी दुसरा.
मग म्हणाला, "पुलावर बर्फ आहे. सांभाळून जा."

मागे जिममध्ये आमचं गाव नाचत होतं,
जरेलची आई कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.
तिच्याकडून मी हे काढून घेणार होते?
आणि तिकडे दीडशे मैलांवर जाणाऱ्या बसमध्ये
अंधारात बारा पोरं बसलेली. त्यांच्याही आया आहेत.
एका हरण्याचं काही नाही,
काळ सोकावतो.

घरी येऊन मायक्रोवेव्हमध्ये सूप ठेवलं.
मी त्याला कधी शून्यापर्यंत जाऊ देत नाही,
तो शेवटचा भोंगा नको वाटतो. दार आधीच उघडलं.

सूप प्यायले, वाटी धुतली, दिवे घालवले.
स्वयंपाकघरात हिरवा एक अंक
रात्रभर तसाच उभा होता:
१
कुणी घेऊन जाईना.